खड्ड्यात बसून राहिलेला कुत्रा

फार पूर्वी रोहितनगरात अरिदमन राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्वाने एका लहानशा पिंगट कुत्र्याचा जन्म घेतला होता.

राजकोठाराचा राखणदार भद्दिल याने त्याला पाळले होते. कणगीआडून उंदीर निघाला की बोधिसत्त्व त्याची मान धरून एकच झटका देई. खेळवणे नाही, छळणे नाही. मेलेल्या उंदराला तो पुन्हा तोंडही लावीत नसे. काम आटोपले की भद्दिलाच्या हातची भाकरी खायची आणि दारात पडायचे.

हे राजाच्या कानी गेले. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी अंगणात खड्डा खणून त्यात पकडलेले उंदीर सोडायचे ठरले. खेळ रंगला तर भद्दिल मुख्य कोठारी होणार होता. झाले! असली हवा भल्याभल्यांच्या डोक्यात शिरते, हा तर साधा राखणदार. उपाशी कुत्रा जास्त चवताळेल म्हणून त्याने आदल्या दिवसापासून त्याला भाकरीचा तुकडा दिला नाही. हा पोटासाठी उंदीर मारत नाही, हे रोज पाहूनही त्या शहाण्याच्या ध्यानात आले नव्हते.

कुत्रा खड्ड्यात उतरताच उंदीर भिंतीशी एकमेकांवर चढू लागले. बोधिसत्त्वाने ते पाहिले आणि तो खाली बसला. लोक खो खो हसले. चारचौघांत नाक कापले गेले म्हणून भद्दिल खाली उतरला आणि त्याने कुत्र्याच्या बरगडीत लाथ घातली.

बोधिसत्त्व गुरगुरला नाही. मनुष्यवाणीने म्हणाला, “धनी, कोठारात मी मारतो ते माणसांच्या घासासाठी. त्याचीही मला लाज वाटते, म्हणून झटपट उरकतो. यांना तर पळायला वाट नाही, आणि वरच्यांना फक्त हसायचे आहे. हे माझ्याच्याने होणार नाही.”

भद्दिलाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कुत्र्याचे खपाटीला गेलेले पोट त्याला आत्ता कुठे दिसले. राजाकडे पाहण्याचे धैर्य नव्हते. मान खाली घालूनच त्याने सांगितले की चूक माझी आहे, कोठार दुसऱ्या कोणाला द्यावे. राजाही ओशाळला. त्याने उंदीर रानात सोडून द्यायला आणि खड्डा बुजवायला सांगितले. भद्दिलाने कुत्र्याला उचलून घेतले, तेव्हा कुत्र्याने त्याचा हात चाटला. तिथे मात्र त्याला रडू आवरेना.

भिक्खूंना सांगत असलेली ही कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “तो कुत्रा मी होतो. आणि भद्दिल म्हणजे, आज सकाळी वेशीपाशी लोक लंगड्या कुत्र्याला दगड मारीत होते तेव्हा त्यांच्यात उभा राहून हसलेला हा भिक्खू.”

भिक्खूची मान खाली गेली.

“लाजलास, हे बरे झाले,” शास्ते म्हणाले. “वाईटाची लाज वाटणे, हाच ह्री नावाचा गुण. करुणा त्याच्या मागून येते.”