राखणदाराचे पाय

फार फार पूर्वी कुठल्याशा गावात एक कुणबी राहत होता. साल मला विचारू नका, ठाऊक नाही. त्याचं एकच शेत होतं आणि ज्वारी हुरड्यात आली होती. ती गेली तर वर्षभर चूल थंड.

म्हणून तो दिवसभर शेतातल्या उंच माळ्यावर गोफण घेऊन उभा. चिमणी दिसली की हाणला दगड. पान हललं की आरोळी. ढगाची सावली सरकली तरी गडी खाली उडी टाकून धाटांतून धावत सुटे. थवे वरून नदीकडे चाललेले असत, तर हा खालून त्यांच्याही मागे! घसा बसला, झोप उडाली, भाकरी गोड लागेना.

आणि तरी शेत आडवंच होत चाललं. कोवळी कणसं मातीत पडलेली, पण दाणे जागच्या जागी. पाखरं म्हणावी तर दाणे कसे उरले? डुकरं म्हणावी तर कुंपण शाबूत. त्याच्या डोक्यात काही शिरेना.

"भुताटकी असेल," तो बायकोला म्हणाला.

"भूत ज्वारी मोडून तशीच टाकून जाईल होय?" ती म्हणाली. "जेवा आधी."

"जेवू कसा? तेवढ्यात पाखरं आली म्हंजे?"

बांधावरच्या बोरीवर एक म्हातारा होला पक्षी बसायचा. रोजचा हा तमाशा बघून तो कावला होता.

"अरे शहाण्या, सारखं वर काय बघतोस? एकदा खाली बघ."

कुणब्यानं बघितलं. मोडलेल्या धाटापाशी पाऊल उमटलेलं. त्यानं आपला पाय त्यात ठेवला. नेमका बसला. पुढच्यात ठेवला. तोही बसला.

"म्हंजे... मीच?"

"आम्ही पोटापुरतं खाल्लं. मोडलंस तू."

"मग राखायचं का नाही?" कुणबी आणखीच गोंधळला.

"राख की! कणसावर बसला त्याला हाण. वरून चाललाय त्याला जाऊ दे. आणि भाकरी खा, तुझं तोंड बघवत नाही."

त्याला पुरतं पटलं नाही. पण सावली आली तेव्हा तो माळ्याचा खांब धरून बसला. पाय शिवशिवले. सावली निघून गेली. मग त्यानं भाकरीचं फडकं सोडलं आणि पोटभर जेवला. संध्याकाळी खरा थवा उतरला, तेव्हा घशात आरोळी होती आणि झोळीत दगडही.

सुगीला निम्मी ज्वारी घरी आली. चूल पेटली, पण हात आखडून. पायाखाली गेलेली निम्मी काही उठून उभी राहिली नाही.

तेव्हा बाबांनो, दारात आलेल्या संकटाला जरूर हाणा, पण न आलेल्याच्या मागे धावाल तर स्वतःचंच पीक तुडवाल.