अंतूकाकांचा कातळ

वाडीची सामाईक जमीन रताळ्यांना लायक ठरली तर बायकांना मिळणार होती, नाहीतर अंतूकाका खोतांना. पारखायला पंच आले. काकांनी पुढे होऊन तीन जागा दाखवल्या. तिन्ही ठिकाणी पहार खणकन वाजली.

"खाली निव्वळ कातळ. रताळं फुगणार कुठे? जा पोरींनो, घरची कामं बघा," काका म्हणाले.

जागा काकांनीच का दाखवाव्यात, हे बायकांमधल्या वृंदाला खटकलं. तिने तिसरी जागा उकरली. वीतभर खाली सपाट दगड लागला. तो काढून तिने तिथेच पहार मारली. ती हातभर आत गेली. मग दगडाला चिकटलेलं आंब्याचं पान सोडवून तिने पंचांपुढे धरलं.

"काका, तुमचा कातळ फारच तरुण हो. त्याच्याखालचं पान अजून हिरवं आहे."