केरबा पोरीला शाळेत घालतो

एका गावात एक भोळा बाप होता. भोळे बाप सगळ्याच गावांत असतात, पण हा सांगितलेलं तंतोतंत ऐकायचा. तीच पंचाईत.

केरबा त्याचं नाव. बायको हौसा, पोरगी समृद्धी. पोरगी शिकावी, एवढाच हौसाचा ध्यास. पण ती पोल्ट्रीत कामाला, सुट्टी मिळायची नाही. म्हणून पोरीला शाळेत घालायचं काम दर वेळी केरबाकडे यायचं. पोरगी शिकली, पण त्यात बापाचा हात नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

समृद्धी तीन वर्षांची झाली. तालुक्याला एक खासगी इंग्लिश शाळा होती. तिथं एवढ्याशा पोरांचीही मुलाखत घेत. हौसा म्हणाली, "पोरीला बोलू द्या. तुमी तोंड उघडू नका."

केरबा गेला. मॅडमनी विचारलं, "मुलीचं नाव?"

केरबा गप्प. पोरगी टेबलाखाली जाऊन झोपली होती.

"बरं, तुमचं नाव?"

केरबानं ओठ आणखी घट्ट मिटले.

"घरी कोणती भाषा बोलता?"

शेवटी मॅडमनीच फॉर्मवर लिहिलं, 'घरी कोणतीही भाषा बोलत नाहीत.' प्रवेश काही मिळाला नाही.

हौसानं कपाळाला हात लावला. "अवो, शाळेचं माणूस भेटलं की घडाघडा बोलायचं. पोरीला काय काय येतं ते सांगायचं."

"आता ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला. आणि खरंच ठेवायचा, हेच तर दुखणं.

पोरगी सहा वर्षांची झाली. गावातल्या सरकारी शाळेचा पट घसरला होता. वीस पोरं भरली नाहीत तर शाळा बंद होणार, अशी बोलवा होती. चौगुले गुरुजी घरोघरी पोरं शोधत फिरत होते. ते केरबाच्या दारात आले.

"केरबा, पोरीला पाठव शाळेत."

केरबा घडाघडा बोलला. "गुरुजी, तिला समदं येतं. बाराखडी येती, पाढे येत्यात, भाकरी येती, शेरडाची धार काढाय येती."

"मग आम्ही काय शिकवायचं?"

"त्येच म्हंतो मी. काय सुदिक ऱ्हायलं न्हाई."

गुरुजी पुढच्या घरी गेले. हौसाला कळल्यावर ती तशीच पळत सुटली आणि वेशीवर गुरुजींना गाठून पोरीचं नाव घालून आली.

"अवो," ती धापा टाकत म्हणाली, "गुरुजी दारात आल्यावर न्हाई म्हणायचं न्हाई. शाळंला माणूस पायजे म्हणाले की द्यायचं."

"आता ध्यानात ठेवतो."

पोरगी मन लावून शिकली. चौथीला पहिली आली. गावात पाचवीचा वर्ग नव्हता. तालुक्याला एक नावाजलेली खासगी कन्याशाळा होती, पाचवीला जागा फक्त चाळीस. समृद्धीला तिथंच जायचं होतं. तिनं वह्यांना कव्हरंसुद्धा घालून ठेवली.

इकडे ती चौथी होऊन बाहेर पडल्यामुळे गावच्या शाळेचा पट एकोणीसवर आला. गुरुजी पुन्हा दारात. "केरबा, घरात शाळेत न गेलेलं आणखी कोण आहे का?"

न्हाई म्हणायचं न्हाई. केरबा म्हणाला, "हाय की. मी."

गुरुजी हसले आणि गेले. शाळा उघडली त्या दिवशी केरबा पहिलीच्या रांगेत हजर. नव्या पोरांना फुगे दिले, कुंकवात पाय बुडवून कागदावर ठसे घेतले. केरबाचा पाय मावेना, म्हणून दोन कागद जोडले. गुरुजी म्हणाले, "पटावर काही तुला घेता येणार नाही. मागं बसायचं तर बस."

आठवडाभर घोकून केरबा स्वतःचं नाव लिहायला शिकला. गुरुजींनी बजावलं, "कागद पुढं आला की आधी आपलं नाव लिहायचं."

"आता ध्यानात ठेवतो."

कन्याशाळेत फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला. समृद्धीला नेमकं गालगुंड झालेलं. हौसाला सुट्टी नाही. ती देवाला हात जोडून म्हणाली, "कागद देतील, त्यो भरा आणि द्या. एकबी जागा रिकामी सोडू नका." केरबा गेला आणि भरून आला. खिडकीतल्या क्लार्कची जेवायची वेळ झाली होती, त्यानं न बघताच शिक्का मारला.

चार दिवसांनी यादी लागली. हौसानं त्या दिवशी खाडा केला. समृद्धी बोट फिरवत यादी वाचत गेली. चाळीसाव्या नावावर बोट थांबलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

"आई, माझं नाव न्हाई. बाबांचं हाय."

मोठ्या बाईंनी फॉर्म शोधून काढला. विद्यार्थिनीचं नाव, केरबा. वडिलांचं नाव, केरबा. आईचं नाव, केरबा. जन्मगाव, केरबा. मागच्या शाळेतलं वर्तन, केरबा. एवढ्या वेळा लिहून काना-मात्रेची एक चूक नव्हती.

बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी नवा फॉर्म काढला, समृद्धीनं तो स्वतः भरला आणि जागा तिची झाली. हौसाचा जीव भांड्यात पडला. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"अवो, एका तरी जागी पोरीचं नाव लिवायचं."

"तिचं लई अवघड हाय," केरबा म्हणाला. "त्ये गुरुजी दिवाळीनंतर शिकवणार हायती."