उकिरड्याची हद्द

शाळेच्या भिंतीशी कचऱ्याचा ढीग छातीएवढा झाला आणि पोरं तापानं पडू लागली, तेव्हा केरसुण्या विकणारी चंद्राक्का नगरपालिकेत गेली. मुख्याधिकारी खासनीस नकाशा न उघडताच म्हणाले, "ती जागा आमच्या हद्दीत नाही. ग्रामपंचायतीला सांगा." ग्रामपंचायतीनं तिला परत नगरपालिकेकडेच धाडलं.

दुसऱ्या दिवशी चंद्राक्कानं त्या ढिगावरच चार बांबू रोवले, वर ताडपत्री बांधली आणि केरसुण्यांचं दुकान थाटलं. तासाभरात खासनीस अतिक्रमणवाल्यांचा ट्रक घेऊन हजर झाले.

"बाई, उचला हे सगळं. ही जागा नगरपालिकेची आहे."

"उचलते की साहेब," ताडपत्रीची दोरी सोडत ती म्हणाली. "माझ्या केरसुण्या मी उचलते. खालचा कचरा तुमच्या जागेतला, तो तुम्ही उचला. ट्रक आणलाच आहे."