वाटेत हळू झालेला नगारा

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा ढग डोंगरावर मुक्कामाला यायचे आणि सकाळ झाली तरी हलायचं नाव घ्यायचे नाहीत. अशा धुक्यातल्या एका राज्यात नदीच्या उगमापासून थेट उताराच्या गावापर्यंत टेकडी-टेकडीवर नगारे होते. वर पाणी चढलं की उगमावरचा म्हातारा नगारा जोरात, घाईघाईनं वाजवायचा. पुढची टेकडी ऐकायची आणि पुढं वाजवायची. नदी शांत असली की ताल संथ. धुक्यात डोळे काय कामाचे? सारं राज्य कानांवर चालायचं.

शेवटच्या टेकडीवर येसू होती. तिचा नवरा रायाजी खाली नाव चालवायचा. येसूचा नगारा संथ वाजला, की रायाजीची नाव पाण्यात.

एके दिवशी वरून संथ ताल आला. इतका गोड, की गावातली म्हातारी माणसं बसल्या जागी डुलक्या घेऊ लागली. येसूनं तो तसाच वाजवला. रायाजीनं नाव लोटली, आणि पाण्याचा लोंढा आला! नाव फुटली. रायाजी झाडाच्या फांदीला धरून कसाबसा वाचला.

राजा संतापला. त्यानं येसूशेजारी एक पारखी बसवला. पारखी कान टवकारून ऐकायचा आणि मान डोलवायचा, "आला तसाच वाजवलास हो, बाई. एक ठोका इकडचा तिकडे नाही."

तरी पुढच्या पुरात भातखाचरं वाहून गेली. राजानं आणखी दोन पारखी बसवले. आता तिघं मिळून मान डोलवायचे! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय?

रायाजीनं नवी नाव बांधली. "पुढल्या आठवड्यात वऱ्हाड पलीकडे न्यायचंय," तो म्हणाला. आता नवऱ्याबरोबर गावचं वऱ्हाडही येसूच्या नगाऱ्यावर विसंबणार होतं. "मी वर जाऊन येते," ती म्हणाली आणि धुक्यात चालू लागली.

पहिल्या टेकडीवरची बाई म्हणाली, "आला तसाच वाजवते गं. फक्त जरासा हळू. लेकरू झोळीत निजलेलं असतं ना."

तिच्या वरचा गडी म्हणाला, "तसाच वाजवतो, ताई. खांदा दुखतो, म्हणून जरासा हळू."

त्याच्या वरचा म्हणाला, "उगाच माणसं कशाला घाबरवायची? जरासा हळू."

कुणीच लबाड नव्हतं. येसूला रागावताही येईना. पण जरासं जरासं करत पुराची अंगाई झाली होती.

उगमावरचा म्हातारा मात्र हात सोलून निघेस्तोवर वाजवायचा. "आजोबा, खाली काय ऐकू येतं, ठाऊक आहे का?" येसूनं विचारलं.

"कसं कळणार, पोरी? उभ्या जन्मात कुणी सांगायला आलंच नाही."

उतरताना येसूनं प्रत्येकाला एकच गोष्ट पटवली. ऐकलेला ताल आधी वरच्या टेकडीला परत वाजवून दाखवायचा. तिथून होकार आला, की मगच पुढं. लेकराची झोळी खालच्या झोपडीत हलली. दुखऱ्या खांद्याच्या मदतीला त्याचा भाऊ आला.

"यानं उशीर होईल," पारखी कुरकुरले.

"होऊ दे थोडा," येसू म्हणाली. "बुडण्यापेक्षा बरा."

वऱ्हाडाच्या दिवशी धुकं विरून कोवळं ऊन पडलं होतं. नवरदेव नावेत बसला, आणि येसूचा नगारा कडाडला.

"उतरा!" रायाजी ओरडला.

नवरदेवाचा मामा भडकला, "मुहूर्त टळेल हो! आभाळात एक ढग तरी दिसतोय का?"

रायाजीनं कुणाचं ऐकलं नाही. सगळे बडबडत काठावर चढले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नदीनं रिकामी नाव गिळली.

येसूनं डोळे पुसले आणि नगारा उलट दिशेला, वरच्या टेकडीकडे वाजवला. सगळे सुखरूप! टेकडी-टेकडीनं तो ताल तसाच्या तसा चढत गेला. उगमावर म्हाताऱ्यानं तो ऐकला. आपला नगारा कुणापर्यंत पोचतो, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं, आणि तो लहान पोरासारखा रडला.

राजानं तिन्ही पारखी उठवले आणि वरच्या टेकड्यांवर नगारे वाजवायला पाठवले.

तात्पर्य : शेवटच्या टोकाला पारखी बसवून काम चोख होत नाही, ज्यानं त्यानं आपल्या हातातली चूक आपल्यापाशीच थांबवली, तरच होतं.