मोरीतून जाणारी तिरडी

पाव्हणं, बायपासखालची ही मोरी बघा. जेमतेम छातीएवढी उंच. गावात कुणी गेलं की तिरडी हातांवर धरून, कमरेत वाकून, आम्ही इथूनच पलीकडच्या स्मशानात नेतो. वरून सरळ वाट आहे, तरी नेत नाही. का ते विचारलंत म्हणून सांगतो. आवाज चढला तर राग मानू नका.

पूर्वी महामार्ग गावातूनच जायचा. नंबर ९९७, वेशीवरच्या दगडावर रंगवलेला. या रस्त्याच्या देखभालीला रखमाजी आवळे नावाचा मैलकुली होता. खड्डा पडला की दुसऱ्या दिवशी बुजलेला असायचा, असं सांगतात.

मग बायपास झाला. महामार्गाचे साहेब आले आणि दगडावरचा नंबर पुसायला त्यांनी डांबराचा डबा रखमाजीच्याच हातात दिला.

"रस्ता तर हितंच हाय, साहेब. नंबर कुटं चालला?"

"लांबच्या गाड्या जिकडून जातात तिकडं. आता बायपास ९९७."

"मंग ह्यो रस्ता कुणाचा?"

"ते ठरेल."

ते कधीच ठरलं नाही. महामार्गवाले जिल्ह्याकडं बोट दाखवायचे, जिल्हावाले महामार्गाकडं. नंबर नाही म्हणून डांबरही नाही.

रखमाजीनं डबा खाली ठेवला आणि म्हणाला म्हणे, "माज्या रस्त्याला नंबर मिळंपतुर त्या रस्त्यावर पाय ठिवणार न्हाई. जित्तेपणी न्हाई, मेल्यावर बी न्हाई."

त्याचं शेत बायपासपलीकडं. अकरा वर्षं तो या मोरीतून वाकून गेला. नंबरासाठी अर्ज घेऊन दारोदार फिरला. गावानं सही केली नाही. साहेबांशी वैर कशाला, म्हणाले. माझ्या बापाचाही अंगठा त्या अर्जावर नव्हता. साहेबांपेक्षा मला याचीच जास्त चीड येते.

तो गेला तेव्हा लोक तिरडी घेऊन बायपासवर चढू लागले. त्याची बायको पारूबाई आडवी उभी राहिली. "जित्तेपणी साथ दिली न्हाई, आता शबुद तरी मोडू नगा."

मग सगळे खाली उतरले आणि घोटाभर पाण्यातून, वाकून, त्याला घेऊन गेले. सही न दिल्याची भरपाई म्हणून त्या दिवसापासून गावातली प्रत्येक तिरडी इथूनच जाते.

आजही जुन्या रस्त्याला नंबर नाही आणि आजही आम्ही वाकतो. मागच्या महिन्यात नवे साहेब आले होते. मोरी उंच करून देतो म्हणाले, वाकायला नको. आम्ही नको म्हणालो. आधी रखमाजीच्या रस्त्याला नंबर द्या, मग आमची माणसं वरून नेऊ.