बुवांची काळी चार

एकदा एका नामांकित गायकनटाने रंगभूमी सोडली. सोडली म्हणजे काय, आवाजच गेला हो! ऐन पस्तिशीत गेला. ज्यांच्या पदाला चार-चार वन्समोर पडत, त्यांचा गळा वरच्या षड्जावर फाटू लागला, आणि एका रात्री त्यांनी तोंडाचा रंग पुसला तो कायमचा. पुढे वीस वर्षे बुवांनी गाणे शिकवले, आणि उत्तम शिकवले. मात्र चारचौघांत पूर्ण पद स्वतः कधी म्हटले नाही. शिष्यांना स्वर सांगत, फार तर गुणगुणत. आपली मोडलेली वस्तू लोकांपुढे मांडणे माणसाच्या जिवावर येते, त्यात गैर ते काय?

त्यांचा एक आवडता शिष्य होता, वामन. गळा गोड, मेहनत कसून, आणि बुवांवर श्रद्धा इतकी की विचारायची सोय नाही. बुवांच्याच गाजलेल्या भूमिकेत तो प्रथमच उभा राहणार होता. तालमीच्या पहिल्या दिवशी त्याने पेटीवाल्या आप्पांना सांगितले, "काळी चार धरा. बुवांची पट्टी!"

आता काळी चार ही पेटीवरची, पुरुषाच्या गळ्याला फार उंच पट्टी, आणि वामनचा गळा काळी दोनचा. रोज तालीम संपली की घसा बसे. मग हळद-दूध, ज्येष्ठमध, गुळण्या. बुवा महिनाभर सांगत होते, "अरे, खाली ये." तो हात जोडून म्हणे, "तुमची पट्टी सोडली तर लोक मला तुमचा शिष्य कशाला म्हणतील?" घ्या! नुसता हट्ट असता तर कान तरी उपटता आले असते. श्रद्धेला कसे रागावणार?

शेवटच्या तालमीला सगळी मंडळी जमली. वामनचा आवाज घोगरा झाला होता, तरी पट्टी तीच. तेव्हा बुवा उठले, रंगमंचाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "आप्पा, काळी चार."

त्यांनी त्या भूमिकेतले आपले गाजलेले पद सुरू केले. पहिल्या ओळीत जुने तेज क्षणभर दिसले. अंतऱ्यात वरच्या षड्जावर आवाज चिरकला. आता थांबतील असे सर्वांना वाटले. पण त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा चिरकला. कोणी मान वर करेना. "बुवा, पुरे! पाया पडतो तुमच्या," वामन कळवळून ओरडला.

बुवा धापा टाकत खाली बसले. म्हणाले, "ऐकलीस? हीच ती काळी चार. आणि ती माझी नव्हतीच रे, माझ्या गुरूंची होती. त्यांच्या काळी माइक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला ते उंच गात, आणि त्यांच्या गळ्याला ते पेलत असे. मी ती पट्टी प्रसाद म्हणून घेतली आणि गळा घालवून बसलो. इतकी वर्षे कुणाला बोललो नाही. वाटे, गुरूंना बोल लागेल. दोष त्यांचा नव्हता, मूर्खपणा माझा. गुरूकडून स्वर घ्यावा, लय घ्यावी, शब्द कसा टाकावा ते घ्यावे. गळा ज्याचा त्याचा. तुला सांगून पटेना, म्हणून ऐकवले. फार लाज वाटली बघ मला."

वामन डोळे पुसून आप्पांकडे वळला. "आप्पा, काळी दोन."

प्रयोग रंगला. मध्यंतरात एक जुने रसिक आत आले आणि बुवांना म्हणाले, "पोरगा गातो छान. पण राग मानू नका, त्याचे गाणे ऐकून तुमची आठवण काही येत नाही."

बुवांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "खरेच नाही आली? एकदाही?"

"नाही हो."

"देव पावला!" बुवा म्हणाले, आणि सर्वांदेखत रडू लागले.